सडपातळ मुलीलाही पीसीओडी? कोरियातून आलेले उत्तर



कोकणातल्या एका अम्मींचे पत्र आमच्यापुढे आहे. चार पाने आहेत, आणि त्यातली तीन रागाची आहेत. त्यांची बेटी एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, अंगाने काडी. पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, पण कधीच धड महिन्याला आली नाही. कधी दोन महिने, कधी तीन. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून पीसीओडी सांगितला. घरी आल्यावर दादी म्हणाली, ‘ही कुठे जाड आहे, हिला कसला पीसीओडी?’ फुफी म्हणाली, ‘रात्रभर मोबाईल, दुसरे काय!’ त्यात एक रिश्ता येऊ घातला होता. त्या घरच्यांच्या कानावर गेले आणि पुढे बोलणे झाले नाही. अम्मींचा मोठा मुलगा शिकलेला आहे. त्याने कुठेतरी वाचले की कोरियन बायकांमध्ये प्रतिकारशक्तीच्या जनुकांचा आणि या आजाराचा संबंध सापडला आहे. आता अम्मी विचारतात, ‘हे आमच्या रक्तातून आले का? मुलीची जनुक-तपासणी करावी का? आणि प्रतिकारशक्ती वाढवायचे औषध सुरू करू का?’

रागाचे कारण आम्हीच आहोत. दोन वर्षांपूर्वी याच पानावर आम्ही लिहिले होते, ‘वजन उतरवा, पाळी आपोआप सुरळीत होईल.’ अम्मींनी ते कात्रण पत्रासोबत जोडले आहे आणि खाली लिहिले आहे, ‘हिचे वजन ४३ किलो. अजून किती उतरवू?’ भगिनींनो, ते वाक्य अर्धवट होते. ज्यांचे वजन जास्त आहे त्यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. सगळ्यांच्या बाबतीत नाही. चूक आमची. म्हणून हा महिना कोरियाला.

आधी आजाराविषयी थोडे. आपण पीसीओडी म्हणतो, डॉक्टर आता बहुधा पीसीओएस म्हणतात. अमेरिकेत शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात बायकांची हकीकत छापली, तेव्हापासून हा आजार पुस्तकात आला. नाव ऐकून वाटते की अंडाशयात गाठी झाल्या. त्या गाठी नसतात. त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या असतात. दर महिन्याला एक बीज पूर्ण पिकून बाहेर पडायचे, ते पडत नाही, म्हणून पाळी लांबते. त्याबरोबर शरीरात पुरुषी संप्रेरके थोडी जास्त बनतात. त्याने चेहऱ्यावर लव, मुरुमे, डोक्यावरचे केस विरळ होणे असले त्रास दिसतात. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे डॉक्टरांनी ठरवले की अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे आणि सोनोग्राफीत दिसणारे तसे अंडाशय, या तीनपैकी कोणतीही दोन असली आणि दुसरा आजार नसला, तर पीसीओएस म्हणावे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मूल होण्याच्या वयातल्या दर शंभर बायकांत साधारण दहा ते तेरा जणींना हा त्रास असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना तो आहे हे ठाऊकही नसते.

आता कोरिया. तेथील कॉलेजच्या मुलींची पाहणी झाली, तेव्हा साधारण शंभरात पाच जणींना हा आजार दिसला. पण त्या मुलींचे चित्र अमेरिकेच्या पुस्तकातल्या चित्राशी जुळत नव्हते. पाश्चिमात्य पुस्तकात पीसीओएसची बाई म्हणजे जाड, हनुवटीवर केस असलेली. कोरियात बऱ्याच जणी प्रमाणशीर वजनाच्या, काही तर बारीकच. चेहऱ्यावर लवही कमी. अंगावरचे केस मोजायची एक पद्धत आहे. शरीराचे नऊ भाग पाहून प्रत्येकाला शून्य ते चार गुण द्यायचे. पाश्चिमात्य बायकांसाठी आठ गुणांच्या पुढे जास्त केस धरत. कोरियन अभ्यासकांनी आपल्या बायकांसाठी ही रेघ सहावर आणली, कारण आठची रेघ धरली तर खऱ्या रोगी बायकाही निरोगी ठरत होत्या. त्यांच्याकडे आजार मुख्यतः पाळीतून आणि सोनोग्राफीतून ओळखू येतो.

म्हणजे दादींच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळाले. काडीसारख्या मुलीलाही पीसीओएस होतो. कोरियाच्या दवाखान्यांत तो रोज दिसतो.

मग कोरियन संशोधकांपुढे प्रश्न आला. वजन नाही, तर मुळाशी आहे काय? जनुके तपासायची तर कोणती? माणसाच्या शरीरात वीस हजारांच्या आसपास जनुके आहेत, आणि कुठून तरी सुरुवात तर करायलाच हवी.

प्रतिकारशक्तीकडे नजर वळायला कारण होते. पीसीओएसच्या बायकांच्या रक्तात सीआरपी नावाचा एक पदार्थ थोडा वाढलेला आढळतो. शरीरात कुठे सूज असली की तो वाढतो. ही सूज पाय मुरगळल्यासारखी डोळ्यांना दिसणारी नसते. मंद आचेवर ठेवलेल्या पातेल्यासारखी आतल्या आत चालू असते. दुसरी गोष्ट थायरॉइडची. २००४ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी पीसीओएसच्या १७५ बायका तपासल्या. त्यांतल्या २६.९ टक्के जणींच्या रक्तात थायरॉइडविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्ये सापडली. निरोगी बायकांत हे प्रमाण ८.३ टक्के होते. प्रतिकारशक्तीने आपल्याच ग्रंथीवर हात टाकल्याची ही खूण. आणि तिसरी गोष्ट अशी की बीज अंडाशयातून बाहेर पडते ती क्रियाच मुळात छोट्या सुजेसारखी आहे. पिशवीच्या भिंतीत रक्त वाढते, पांढऱ्या पेशी गोळा होतात, भिंत पातळ होऊन फुटते, मग जखम भरून येते. दर महिन्याला अंडाशयात प्रतिकारशक्तीचे शिपाई ये-जा करतातच. त्यांचे वेळापत्रक बिघडले तर बीजाचे वेळापत्रक बिघडू शकते, असा तो विचार.

या शिपायांचा एक जुना निरोप्या आहे, टीएनएफ. पूर्ण नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. १९७५ मध्ये उंदरांच्या गाठी विरघळवणारा पदार्थ म्हणून त्याला हे नाव पडले. पुढे कळले की त्याची कामे पुष्कळ आहेत आणि सगळीच भली नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की जाड उंदरांच्या चरबीत टीएनएफ जास्त बनतो आणि तो इन्सुलिनच्या कामात खोडा घालतो. इन्सुलिनचा निरोप पेशीने नीट ऐकला नाही, की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते. हे जादा इन्सुलिन अंडाशयापर्यंत पोहोचते आणि तेथे पुरुषी संप्रेरके जास्त बनवून घेते. यकृतात एक प्रथिन तयार होते, जे ही संप्रेरके बांधून ठेवते. इन्सुलिन वाढले की तेही कमी बनते. म्हणजे दोन्ही बाजूंनी पुरुषी संप्रेरकांचा जोर. पाळी बिघडली कुठे आणि धागा गेला कुठपर्यंत, पाहा.

टीएनएफचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या शेजारी एचएलए नावाची जनुके दाटीवाटीने बसली आहेत. किडनी बदलताना भावाची जुळते की बहिणीची, हे ज्यांच्यावरून पाहतात तीच ही. कोरियन संशोधकांनी पीसीओएसच्या बायका आणि निरोगी बायका यांच्या रक्तातून टीएनएफ जनुकाच्या अगोदरचा भाग वाचला. जनुक किती जोरात चालायचे हे ठरवणारा हा भाग. पंख्याचा रेग्युलेटर समजा. जनुक सुरू होते तेथून १०३१ अक्षरे मागे एक जागा आहे, जिथे काही माणसांत टी हे अक्षर असते तर काहींत सी. २०११ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात या जागेवरच्या अक्षराचा आणि पीसीओएसचा संबंध दिसला. अम्मींच्या मुलाने वाचले ते याच जातीचे काहीतरी असणार.

आता हे कसे वाचायचे? आमच्या मते बातमी येथे संपत नाही, येथे सुरू होते.

एक तर तो अभ्यास काही शे बायकांचा होता. एवढ्या संख्येत योगायोगानेही फरक दिसू शकतो. दुसरे असे की स्पेनसारख्या देशांत याच जनुकाच्या जागा तपासल्या गेल्या आणि निकाल एकसारखे आले नाहीत. तिसरे, एचएलएच्या त्या दाट मोहल्ल्यातली जनुके बहुधा घोळक्याने, एकत्रच आईबापांकडून येतात. त्यामुळे टीएनएफजवळचे अक्षर वेगळे दिसले, तरी खरा दोष शेजारच्या जनुकाचाही असू शकतो. चोरी झालेल्या गल्लीत राहतो म्हणून कोणी चोर ठरत नाही.

पुढे पद्धतच बदलली. एखादे जनुक मनाशी धरून तपासण्यापेक्षा सगळ्या गुणसूत्रांवर लाखो जागा एकदम पाहायच्या, आणि तेही हजारो बायकांत. २०११ मध्ये चीनमधल्या हान बायकांचा असा मोठा अभ्यास झाला. त्यात वर आली ती जनुके बीज पिकवणाऱ्या संप्रेरकाला ओळखणारी, अंडाशयात पुरुषी संप्रेरक बनवण्याशी निगडित अशी. पुढच्याच वर्षी त्यात इन्सुलिनला ओळखणारे जनुकही आले. कोरियाचे स्वतःचे असे अभ्यासही २०१२ पासून छापून आले. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या दहा हजारांवर रोगी बायका आणि एक लाखावर इतर जणी एकत्र पाहिल्या, तेव्हा १४ जागा सापडल्या. टीएनएफ त्या यादीत नाही. मात्र पाचव्या गुणसूत्रावरची एक जागा त्यात आहे, आणि तिच्या शेजारी आयआरएफ-१ हे प्रतिकारशक्तीचे जनुक बसले आहे. तेव्हा प्रतिकारशक्तीचा धागा सुटलेला नाही, पण तो मुख्य दोरही नाही. पुष्कळ धाग्यांतला एक बारीक धागा, असे आम्ही म्हणू.

मग अम्मींचा पहिला प्रश्न. रक्तातून आले का? काही अंशी हो. हॉलंडमध्ये २००६ साली जुळ्या बहिणींचा अभ्यास झाला. एकाच बीजातून झालेल्या जुळ्या आणि वेगवेगळ्या बीजांतून झालेल्या जुळ्या यांची तुलना करून त्यांनी काढले की या आजारातल्या फरकामागे सुमारे सत्तर टक्के वाटा वारशाचा आहे. याचा अर्थ आईला असला तर मुलीला सत्तर टक्के होणारच, असा नाही. बायकाबायकांत जो फरक दिसतो त्यातला एवढा भाग जनुकांकडे जातो, इतकेच.

आणि हा वारसा नेमका कोणाचा? आपल्याकडे असे काही निघाले की बोट आईकडे जाते. ‘हिच्या माहेरी असेल.’ भगिनींनो, मुलीची अर्धी जनुके अब्बांकडून येतात. अब्बांना पाळी येत नाही, म्हणून त्यांच्यात ती दिसत नाहीत एवढेच. पीसीओएसच्या मुलींच्या भावांत आणि वडिलांत इन्सुलिन नीट न चालण्याचे प्रमाण जास्त दिसल्याचे अभ्यास आहेत. दादाला किंवा चाचांना चाळिशीतच साखर लागली असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. ती माहिती शंभर कोरियन बातम्यांपेक्षा उपयोगाची आहे.

काही जणी विचारतील, नात्यातल्या लग्नामुळे हे होते का? थॅलेसेमियात एकच जनुक असते. आईबाप दोघांकडून बिघडलेले आले की मूल आजारी. तेथे नात्यातल्या लग्नाचा हिशेब सरळ लागतो आणि लग्नाआधी रक्त तपासलेच पाहिजे. पीसीओएसमध्ये डझनावारी जनुके, प्रत्येकीचा धक्का अगदी हलका. तो हिशेब येथे लागत नाही.

दुसरा प्रश्न तपासणीचा. नको. थुंकीची डबी पाठवा, पीसीओएसचा धोका सांगतो, असे कोणी म्हणाले तरी पैसे घालवू नका. सापडलेल्या सगळ्या जागा एकत्र केल्या, तरी एका मुलीपुरते ठाम सांगण्याइतके बळ त्यांत नाही. शिवाय ज्या बायकांवरून हा धोका मोजतात त्या बहुतेक युरोपच्या किंवा चीनच्या. तुमच्या बेटीच्या बाबतीत तर निदान जनुकांवरून व्हायचेच नाही. तो कागद घरात आला की उद्या कोणाच्या तरी हातात पडेल आणि रिश्त्याच्या बोलण्यात फिरेल. अशा कागदाने मुलीचे एक दिवसही भले होणार नाही.

तिसरा प्रश्न ऐकून आम्ही जरा दचकलोच. कोरोनापासून घराघरात प्रतिकारशक्ती वाढवायच्या पुड्या आल्या आहेत. पण पीसीओएसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडल्याचा मामलाच नाही. असलीच तर ती जरा जास्तच जागी आहे. पहारेकरी विनाकारण शिट्ट्या फुंकत असेल, तर त्याला आणखी एक शिट्टी आणून देऊ नये. कोणताही काढा, पूड किंवा हकीमसाहेबांचे औषध चालू असेल तर त्याचे नाव डॉक्टरीणबाईंना सांगा, लपवू नका.

मग करायचे काय? अम्मी, आम्ही तुमच्या जागी असतो तर आधी निदानच पुन्हा विचारले असते. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून नव्या सूचना काढल्या. त्यात म्हटले आहे की पहिल्या पाळीपासून आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये. त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही खूप पिशव्या दिसतात. तुमच्या बेटीला सहाच वर्षे झाली आहेत. तिची पाळी अनियमित आहे हे नक्की, कारण पहिल्या पाळीला तीन वर्षे झाल्यावर दोन पाळ्यांमधले अंतर ३५ दिवसांच्या आतच असावे. पण निदानासाठी त्याबरोबर पुरुषी संप्रेरके वाढल्याची लक्षणे किंवा रक्ताचा तसा रिपोर्ट हवा. चेहऱ्यावर लव दिसत नाही असे तुम्ही लिहिता. कोरियन मुलींतही ती दिसत नाही, म्हणून रक्तात टेस्टोस्टेरॉन पाहून घ्या. सोबत थायरॉइडचे टीएसएच आणि प्रोलॅक्टिन. ही दोन बिघडली तरी पाळी अशीच लांबते आणि त्यांची औषधे निराळी आहेत. आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी. बारीक मुलीला ती कशाला, असे विचारू नका. इंग्लंडमध्ये लीड्सच्या डॉक्टरांनी तेथे राहणाऱ्या दक्षिण आशियाई वंशाच्या पीसीओएसच्या बायका गोऱ्या बायकांशी ताडून पाहिल्या. आपल्याकडच्या बायकांत त्रास लहान वयात सुरू झालेला होता, लव जास्त होती, आणि इन्सुलिनचे काम जास्त बिघडलेले होते. आजार कोरियात एक चेहरा दाखवतो, आपल्याकडे दुसरा. लव कमी म्हणून तुमची बेटी कोरियन मुलीसारखी, पण साखरेच्या बाबतीत ती आपल्याच मातीतली समजून चालावे.

आणखी एक बाब टाळू नये. तीन महिन्यांहून जास्त काळ पाळी आली नाही, तर गर्भाशयाचे अस्तर आतच जाड होत राहते. वर्षानुवर्षे असे झाले तर पुढे त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्यासाठी काही दिवसांच्या गोळ्या देऊन पाळी आणतात. ‘गोळ्यांनी मूल होणार नाही’ ही भीती खोटी आहे. मूल हवे असेल तेव्हा बीज बाहेर पडण्यासाठी लेट्रोझोलसारखी औषधे आहेत आणि पीसीओएसच्या पुष्कळ बायका आई होतात. रमजानमध्ये गोळ्या चालू असतील तर त्या सहरीला किंवा इफ्तारला कशा बसवायच्या, ते आधीच विचारून घ्या. मनानेच बंद करू नका.

खाण्याबाबत त्याच सूचनांत सांगितले आहे की पीसीओएससाठी म्हणून कोणता एक आहार दुसऱ्याहून सरस ठरलेला नाही. म्हणून तुमच्या बेटीने वजन उतरवू नये. तिने पोटभर जेवावे, रोज चालावे, गोड सरबत आणि बिस्किटे कमी करावीत. एवढे घरातल्या सगळ्यांनीच केले तर तिला आपण एकटीच रोगी आहोत असेही वाटणार नाही. फुफींनाही सांगा, मोबाईलने पीसीओएस होत नाही. झोप बिघडते, तेवढ्यासाठी तो रात्री बाजूला ठेवायला आमची हरकत नाही.

रिश्त्याबद्दल काय लिहावे, यावर आमच्यात दोन मते पडली. एक म्हणतो, सांगूच नये. दुसरा म्हणतो, निकाहाआधी समोरच्या घराला खरे सांगावे, पण रिपोर्ट पूर्ण झाल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढेच. आमचे पारडे दुसऱ्या मताकडे झुकते. अर्धवट निदानावर मोडलेले बोलणे मात्र कोणाच्याच हिताचे नव्हते. त्यांनी परत विचारले, तर रिपोर्ट येईपर्यंत थांबायला सांगा.

टेस्टोस्टेरॉन, टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि साखर, हे चारही रिपोर्ट आले की नाव झाकून त्यांची प्रत आम्हाला पाठवा. आणि ते दोन वर्षांपूर्वीचे कात्रण पेटीतून काढून फेकून द्या.